मत्स्यखान्यांत पाणी हळूहळू चढविल्याची हकीकत

श्रीवरुणदेवता प्रसन्न. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघमास. ते समयीं एका राज्याच्या मत्स्यखान्यांत जो प्रसंग गुदरला, तो ऐकिल्याप्रमाणें लिहिला आहे. राज्याचें नांव लिहिण्याची आज्ञा नाहीं.

त्या राज्याचें दर्याकांठच्या शेजारी राजाशीं बहुत वर्षांचें वैर होतें, तें मिटोन तह जाहला, आणि तहाची खूण म्हणोन त्या राजानें समुद्रघोडे नांवाचे कांहीं मासे पाठविले, आणि कलम घातलें कीं, यांतील एक तरी जीव जगला आहे तोंवर तह, आमचा वकील येऊन डोळ्यांनीं पाहील. मग महाराजांनीं दरबारांत कांचेचा थोरला हौद करविला आणि खालीं तळघरांत दुसरा हौद केला. वरचें पाणी नळानें खालीं उतरावें, तेथें गाळोन स्वच्छ व्हावें आणि पंपानें पुन्हां वर चढावें, ऐसी योजना केली. परंतु राज्यांत वीज जात येत असे. वीज गेली कीं पंप निजे, आणि वीज आली कीं एकदम सर्व बळानें उठे, आणि पाण्याचा लोट हौदांत शिरोन वाळू उधळून देई. समुद्रघोडा नांवाचाच घोडा, पोहण्याचें बळ नाहीं, शेपटीनें काडी धरोन राहतो. ऐशाच एका लोटांत सारे कांचेवर आपटोन मेले आणि एक मात्र वांचला. महाराज कांहीं बोलिले नाहींत. दुसरे दिवशीं मत्स्यखान्याचे दरोगा रंगोजी दिसले नाहींत, त्यांच्या घरास कुलूप होतें, आणि ते कोठें गेले हें कोणीं कोणास विचारलें नाहीं.

मग दरोगाई नागोपंत घैसास यांजकडे आली. नागोपंत विजेच्या कामांत हुशार, त्यांनीं कंट्रोलर नांवाचें यंत्र आणविलें, जें पंपास किती बळानें चालावें याचा हुकूम देतें. त्यास ऐसें शिकविलें कीं, पंप थांबोन पुन्हां सुरू होतां आधीं थोडक्या बळानें चालवावा आणि मग हळूहळू वाढवावा. प्रथम बळ इतकें थोडें ठेविलें कीं पाणी अर्ध्या नळांत अडकलें आणि पंप नुसता गुरगुरत राहिला. मग ज्या बळानें पाण्याची बारीक धार हौदांत पडूं लागते तें शोधोन काढिलें आणि तेथून चढण धरिली. यंत्राचें बटण दाबोन पंप निजविला आणि उठविला, तों पाणी मुंगीच्या पावलानें चढलें. नागोपंतांनीं हुजूर अर्ज केला कीं, बंदोबस्त जाहला.

परंतु घरीं जेवावयास बसले तों ताटास हात लाविला नाहीं. त्यांची स्त्री बयाबाई म्हणाली, "काम फत्ते झालें ना? मग ताटाकडे बघणेंसुद्धां कां होत नाहीं?"

"बटण दाबलें तेव्हां यंत्र जागें होतें," नागोपंत म्हणाले. "वीज गेली तर यंत्रही निजेल. मग दोघे बरोबर उठतील, आणि यंत्राचे डोळे उघडेपर्यंत पंपास हुकूम कोण देणार?"

"वीज तोडून पाहणें झालें नाहीं?"

"हात धजत नाहीं. एकच जीव उरला आहे."

"मग हुजुरांत सांगून टाकावें."

नागोपंत ताटावरोन उठले. पुढें दिवा जरा मंद जाहला तरी ते तळघराकडे धांवत, आणि पंपाचा आवाज ऐकिल्याखेरीज श्वास सोडीत नसत. वीज तेवढे दिवस टिकोन राहिली, तेंही त्यांस सुचिन्ह वाटेना.

तों दर्याकांठचा वकील आला आणि दरबार भरला. वकिलानें समुद्रघोडा पाहोन संतोष केला आणि म्हणाला, "नवा बंदोबस्त केला ऐसें ऐकतों. वीज तोडोन दाखवावी."

महाराज म्हणाले, "नागोपंत, दाखवा."

नागोपंत विजेच्या खटक्यापाशीं गेले आणि खटक्यावर हात ठेविला, आणि हात तेथेंच राहिला. मग म्हणाले, "आज्ञा असेल तर आधीं मासा बाहेर काढतों."

"कां? बंदोबस्त जाहला ऐसें तुम्हींच कळविलें."

"कळविलें. पण वीज तोडून पाहिली नाहीं. भ्यालों."

"कशास?"

"रंगोजीचें घर माझ्या वाटेवर आहे, महाराज."

तेव्हां वकील म्हणाला, "मासा काढूं द्यावा," आणि महाराजांनीं मान हालविली. मग समुद्रघोडा खाऱ्या पाण्याच्या बादलींत काढिला, आणि वीज तोडिली, आणि पुन्हां दिली. तत्क्षणीं पंप हुकुमावांचून सर्व बळानें उठला, वाळू उसळली, पाणी कांचेवरोन उडोन गालिच्यावर आलें आणि महाराजांचे जोडे भिजले. यंत्र जागें होईपर्यंत सारें होऊन गेलें होतें.

ज्याचें भय होतें तें समोर घडलें म्हणोन नागोपंतांचें डोकें चालूं लागलें. त्यांनीं पंपाची वीजच यंत्राच्या हातीं दिली आणि यंत्रास बजाविलें कीं, तूं पुरतें जागें झाल्यावांचून पंपास वीज देऊं नको, आणि देशील तेव्हां थोडक्या बळापासून चढीव. मग पुन्हां वीज तोडिली आणि दिली. दिवे लागले, पंप मुका. इतका वेळ मुका कीं नागोपंतांनीं डोळे मिटले. मग नळांत खळखळ जाहली, बारीक धार पडली, धारेची वेणी जाहली, आणि वाळूचा कण जागचा हालला नाहीं. समुद्रघोडा हौदांत सोडिला, त्यानें काडी धरिली, आणि वकिलानें तह कायम म्हणोन निरोप घेतला.

दरबार उठल्यावर महाराज एकटेच हौदापाशीं राहिले आणि म्हणाले, "आतां वीज गेली तर भय नाहीं ना?"

नागोपंत खालीं पाहोन म्हणाले, "विजेचें नाहीं, महाराज."

महाराज कांहीं न बोलतां निघोन गेले.

एणेंप्रमाणें तह राहिला आणि मासा जगला. नागोपंतांस शेला मिळाला. त्या रात्रीं त्यांनीं तो अंगावर घेतला नाहीं, आणि बयाबाईनें दोघांचे चार कपडे बांधोन दाराशीं ठेविले. इति.