चौघांचे चार पांढरे कोट

खोलीत चार माणसं होती, तीन लॅपटॉप, चार पांढरे कोट, रबरी हातमोज्यांचे चार जोड आणि काचेचा एक चंबू, त्यात निम्म्यापर्यंत संत्र्याचं सरबत. मुद्दाम आणलेला जीवाणू एकही नव्हता. पुढे नेमकं हेच कोणाला पटेना.

चौघं विद्यापीठाच्या सिंथेटिक बायोलॉजीच्या सॉफ्टवेअर टीमचे. विहिरीचं पाणी किती खारट आहे हे रंग बदलून सांगणारा जीवाणू घडवायचा, तर जनुकांचे कोणते तुकडे कुठे जोडावेत, हे सुचवणारा प्रोग्रॅम ते लिहीत होते. प्रत्यक्ष घडवणार दुसरं कोणीतरी, कुठल्यातरी प्रयोगशाळेत. यांचा जीवाणू पडद्यावरून खाली उतरत नसे. पण स्पर्धेच्या वेबसाइटवर टीमची ओळख द्यायची होती, फोटोसकट.

"लॅपटॉपसमोर बसलो तं बँकेच्या परीक्षेवाले दिसू," पौर्णिमा म्हणाली. वेबसाइट तिच्याकडे होती. "कोट घालू."

"आपण प्रयोगशाळेत पाय तरी ठेवतो का?" माधवीने विचारलं. ती अकोल्याची, मायक्रोबायोलॉजीची. टीममध्ये खरा जीवाणू पाहिलेली ती एकटीच.

"लोकायले काय माईत?"

कोट माधवीच्या विभागातून आले, परटाकडून नुकतेच धुऊन, कडक इस्त्रीचे. चंबूत सरबत घालायची कल्पना मोर्शीच्या नितेशची. संत्री घरचीच होती. फोटो झाला आणि पौर्णिमाने खाली ओळखी लिहिल्या. माधवी जीवाणूंची रचना करते. नितेश ते किती वेगाने वाढतील याचं गणित मांडतो. श्याम प्रोग्रॅम लिहितो. पौर्णिमा हे काम जगापर्यंत पोचवते.

श्यामने ती लिंक मूर्तिजापूरला आईला पाठवली. आईने बहिणीला पाठवली, बहिणीने विहिणीला, आणि आठवड्याच्या आत ती अमरावतीत, या खोलीच्या मालकांच्या कॉलनीच्या ग्रुपवर परत आली. फोटोत चौघांच्या मागे हिरवं दार होतं आणि दारावर लिंबू-मिरची. दार घरमालक देवरावांचं होतं आणि लिंबू-मिरची त्यांच्या बायकोने, रुख्मिणीकाकूंनी, स्वतः बांधलेली.

देवरावांनी आधी चहाच्या टपरीवर विचारलं, मग न्हाव्याच्या दुकानात, मग मारुतीच्या पारावर. प्रत्येकाने फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, चंबू निरखला आणि मान हलवली. संध्याकाळी देवराव जिना चढून आले, पण उंबऱ्याच्या बाहेरच थांबले.

"हे दार कोनाचं हाय?" त्यांनी फोन पुढे धरला.

"तुमचं, काका."

"अन् हे पिवळं पानी?"

"सरबत आहे."

"सरबत प्याले हातमोजे लागतात काय?"

माधवीने कोट मागून आणल्याचं सांगितलं, सगळं काम कॉम्प्युटरवर चालतं हेही सांगितलं.

"म्हंजे फोटो खोटा हाय."

"तसा... हाव."

"मंग फोटोत खोटं बोलनारे माह्यासंग खरं काहून बोलतीन? रविवारपर्यंत खोली खाली करजा."

स्पर्धेचं काम पुढच्या आठवड्यात पाठवायचं होतं. आणि दोन मुलगे नि दोन मुली एकत्र बसून काय करतात, ही शंका न विचारता खोली देणारे शहरात देवराव एकटेच निघाले होते.

तेव्हा श्याम उठला. चंबू अजून खिडकीतच होता. "पाहा काका, सरबत हाय का नाही ते," असं म्हणून त्याने तो तोंडाला लावला आणि रिकामा केला. नितेशने हात पुढे केला होता, पण उशीर झाला. फोटोला आठवडा झाला होता.

देवराव दोन पायऱ्या खाली गेले.

श्यामचं पोट रात्रीच बिघडलं. सकाळी साऱ्या कॉलनीत ठरलं की वरच्या मजल्यावर तयार केलेलं काहीतरी एकाला लागू झालं आहे. शेजाऱ्यांनी गच्चीवरच्या कुरडया उचलल्या. रुख्मिणीकाकूंना श्यामची कीव आली. त्यांनी ताकाचा तांब्या दाराबाहेर ठेवला आणि लांबूनच काठीने आत सरकवला.

"तांब्या वापस करू नको रे बाबू," त्या म्हणाल्या. "तुलेच राहू दे."

शेवटी माधवी खाली गेली. "काका, जंतू आहेत का नाहीत हे मोजता येते. विभागातून ताटल्या आणते, त्यात जंतू वाढवू अन् मोजूनच पाहू."

"तू मोजशीन अन् म्या मानू?"

"नियम तुम्ही सांगा."

देवराव चाळीस वर्षं वीजमीटर तपासत आले होते. कोणताही माणूस संधी मिळाली की तारेवर आकडा टाकून वीज चोरतो, हा त्यांचा अनुभव. त्यांनी विचार करून नियम सांगितले. फक्त वरची वस्तू तपासायची नाही, तुलनेला खालचीही हवी. कोणी आपली वस्तू आपण निवडायची नाही, समोरच्याची निवडायची. ताटल्या बंद झाल्या की झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर त्यांची सही.

"अन् ज्याच्या वस्तूवर जंतू जास्त," ते म्हणाले, "त्यानं घर सोडाचं."

"असं कायले बोलून राहिले तुमी?" काकू आतून म्हणाल्या.

"आपल्या घरात कुठचे आले जंतू?"

दुसऱ्या दिवशी माधवी ताटल्या आणि कापसाच्या निर्जंतुक काड्या घेऊन आली, तेव्हा जिन्यापासूनच फिनेलचा वास येत होता. खालची फरशी ओली होती, ओटा ओला होता, देवघराची चौकटसुद्धा ओली होती.

"बुढ्यानं बेइमानी केली," नितेश कुजबुजला.

"आपण नाही झाडलं काय सकाळी?" पौर्णिमा म्हणाली.

देवराव वर आले. कीबोर्डाकडे त्यांनी पाहिलं, चहाच्या कपांकडे पाहिलं, श्यामच्या अंथरुणाकडे थोडा जास्त वेळ पाहिलं. श्यामने डोळे मिटून घेतले. पण देवरावांनी खिशातून फोन काढला, फोटो पाहिला आणि दारामागच्या खुंटीकडे बोट केलं.

"थो कोट. फोटोत घातला, मंग लपवून काहून टांगला? तोच पाह्यजे."

माधवीने काडी कोटावरून फिरवली आणि ताटलीवर ओढली. ताटलीत जंतूंना आवडणारी खळ असते. एक जंतू पडला तरी तो तिथे वाढून डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका होतो.

"आता तुमची पाळी," देवराव म्हणाले. "चाल खाली. कोठं पाहाचं तेथं पाहा. ओट्यावर घे, मोरीत घे."

"खाली कशाला, काका," माधवी म्हणाली. "तो फोन द्या."

देवरावांनी फोनकडे पाहिलं. तो त्यांनी पुसला नव्हता. सदऱ्याला पुसावा म्हणून हात वळला, तेवढ्यात माधवी म्हणाली, "नियम," आणि हात जागीच थांबला. काडी फिरली. देवरावांनी दोन्ही ताटल्यांवर पट्ट्या लावल्या, सह्या केल्या, आणि ताटल्या विभागातल्या उबदार कपाटात जाईपर्यंत रिक्षात त्या स्वतःच्या मांडीवर धरून बसले.

दोन दिवसांनी सगळे विभागात जमले. काकू आल्या होत्या. श्यामही आला होता, भिंतीला टेकून उभा. देवरावांनी चष्मा लावून दोन्ही सह्या तपासल्या.

"माह्याच हायेत," ते म्हणाले. "फोड."

माधवीने ताटल्या उजेडात धरल्या. प्रत्येक ठिपक्यावर काचेच्या मागून पेनाने खूण करत तिने मोजलं. मग देवरावांनी सांगितलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आकडे दोन्ही वेळा तेच आले. तिने ते फळ्यावर लिहिले.

कोट : २. फोन : २४७.