भरताची ऑर्डर

मी एकदा मनावर घेतलं ना, की माघार नाही! सावद्यात कुणालाही विचारा. गेल्या उन्हाळ्यात मनावर घेतलं, की सातपुड्याचा बिबट्या भरायचा. सुईदोऱ्यानं, चादरीएवढ्या कापडावर! आणि हिवाळा लागेपर्यंत भरलाच. आता मी काही बिबट्या जवळून पाहिलेला नाही. पण घरात कळण्या आहे. कळण्या म्हणजे आमचा कुत्रा. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीसारखा करडा रंग, म्हणून नाव कळण्या. त्याला समोर बसवलं, अंग त्याचं घेतलं आणि ठिपके माझ्या मनाचे घातले. झाला बिबट्या!

अक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चष्मा लावून नीट पाहिलं.

"काय गं मोहिनी, कळण्याला देवी आल्या का?"

नवऱ्याकडे आशेनं पाहिलं. हितेंद्र म्हणाले, "मस्त जमलीय. गाय ना?"

डोकंच फिरलं माझं! मी मूळची शिंदखेड्याची. संताप आला की माहेरची बोली आपोआप तोंडात येते. "बिबट्या शे तो! बिबट्या!"

"बरं," अक्का म्हणाल्या, "एका तरी परक्या माणसानं, तू न सांगता, याला बिबट्या म्हणून दाखवावं. पुढच्या खोलीत देवाच्या फोटोशेजारी लावीन. नाही म्हटलं, तर बिबट्या पेटीत, दोरे पेटीत, आणि माझी ओसरी मोकळी!"

"ठरलं!" मी म्हणाले.

आता परकं माणूस घरी आणायचं कसं? जळगावच्या बायकांच्या एका ग्रुपवर जाहिरात टाकली. माझी आई भरतकामाला नुसतं 'भरत' म्हणते, तेच माझ्या तोंडी. म्हणून लिहिलं, 'घरगुती भरताच्या ऑर्डर घेतल्या जातील. मोहिनी, सावदा.' फोटो मुद्दाम टाकला नाही. कुणी नमुना चोरला म्हणजे!

दुसऱ्याच दिवशी फोन!

"मी कामिनी बोलतेय, जळगावहून. भरताची ऑर्डर घेता ना तुम्ही?"

"घेते की!"

"पण हातचं हं! मशीनवरचं नको आम्हाला. त्याला चवच नसते."

काय रसिक बाई! "छे हो, मशीनला मी शिवतसुद्धा नाही. सगळं हातानं!"

"वा! आणि सोबत कळण्याची मिळेल ना?"

मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. आमच्या कळण्याचं नाव जळगावपर्यंत पोचलं? कळण्याच्या चौकटी मी भरल्या होत्या खऱ्या. झोपलेला कळण्या, चप्पल चावणारा कळण्या, मांजरीला घाबरलेला कळण्या.

"कळण्याच्या आहेत की! सहा तयार आहेत."

"सहाच? अहो, आम्ही दहा जणी येणार रविवारी!"

"मग आणखी चार करते. त्यात काय!"

"आणि ताज्याच हं!"

"अगदी ताज्या!" मी म्हणाले.

तो आठवडा मी कसा काढला, माझं मला ठाऊक! बोटांची चाळण झाली. एका हातानं वरणाला फोडणी, दुसऱ्या हातात साखळी टाका! कळण्यालाही इतकं बसवलं, की शेवटी तो सुई दिसली की खाटेखाली शिरायचा. पण दहा चौकटी पुऱ्या केल्या. ओसरीभर दोरी बांधून बठ्ठं, अगदी सगळंच्या सगळं, मांडलं. मधोमध बिबट्या, चिमट्यांनी टांगलेला.

रविवारी दोन गाड्या भरून बायका आल्या. कामिनीताई सगळ्यांच्या पुढे. ओसरी पाहिली, मान डोलावली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग नाक वर करून वास घेतला.

"छान सजावट केलीय हो. चूल कुठे पेटवलीय?"

"चूल?"

"भरीत कुठे भाजताय?"

"कसलं भरीत?"

"अहो, भरताची ऑर्डर! सोबत कळण्याची भाकरी! आम्ही सकाळपासून चहावर आहोत!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. हिवाळ्याचे दिवस, खानदेश, आणि मी बाई जाहिरातीत 'भरताच्या ऑर्डर' लिहिते! दुसरं काय समजतील लोक?

अक्का मात्र खूश! इतक्या खूश मी त्यांना माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "बसा गं पोरींनो, वांगी दारातच आहेत!" म्हणत त्यांनी पदर खोचला. अंगणात कपाशीच्या काड्या पेटवल्या, हिरवी भरताची वांगी जाळात टाकली, कळण्याचं पीठ मळायला घेतलं. बायकांनी आगीभोवती बैठक मारली.

पण मी हार मानते होय? एकेकीला ओसरीवर नेलं. "ओळखा पाहू, हे काय?"

"मांजर?"

"चितळ?"

तिसरी हळूच म्हणाली, "ताई, हा कुत्रा बरा झाला का मग नंतर?"

आगीशी बसलेल्या अक्का गालात हसत होत्या. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज मला आत्ताच ऐकू यायला लागला. उरल्या फक्त कामिनीताई, आणि त्या काही शेकोटीपासून हलेनात.

तेवढ्यात कळण्यानं डाव साधला! गरम वांगं तोंडात धरलं आणि ओसरीकडे धूम! तोंड भाजलं तसा उडाला, दोरीत अडकला, दोरी तुटली आणि माझा अख्खा बिबट्या त्याच्या अंगावर पडला. त्याला काही दिसेना. तो तसाच अंगणालगतच्या केळीच्या बागेत घुसला, आतल्या आत फिरला, आणि पानं फाडत थेट बायकांच्या अंगावर आला.

कामिनीताई किंचाळल्या, "बिबट्या! अगं माय, बिबट्या आला गं!"

मग काय! कोणी गाडीत, कोणी न्हाणीघरात. एक जण तर बैलगाडीखाली! आणि त्याला गाय म्हणणारे आमचे हितेंद्र कुठे? ट्रॅक्टरच्या टपावर!

अंगणात मी एकटी टाळ्या वाजवत नाचत होते. "अक्का! परकं माणूस! मी न सांगता! बिबट्या म्हणाल्या!"

"आधी त्याला धर," अक्का ओरडल्या, "मग जिंक!"

अक्कांनी शब्द पाळला. धुऊन-बिऊन बिबट्या देवाच्या फोटोशेजारी लागला. एका कानावर वांग्याचा डाग आहे, पण तो ठिपक्यात खपून जातो. आल्या-गेल्याला अक्का स्वतः सांगतात, "जळगावच्या बायका पळाल्या याला पाहून!" चौकटी मात्र एकही गेली नाही. भरीत सगळं गेलं, डबे भरून गेलं.

आणि परवा यावलहून आमच्या ओळखीच्या कौतिकनानांचा फोन आला. मी आता शहाणी झालेय. पहिलाच प्रश्न, "नाना, दोऱ्याचं भरत, की वांग्याचं?"

"दोऱ्याचंच गं पोरी. तुझ्या बिबट्याचं लई ऐकलं. एक पाहिजे मला. मोठ्ठा!"

डोळ्यांत पाणीच आलं हो माझ्या! पहिली खरी ऑर्डर! "लावणार कुठे नाना? दिवाणखान्यात?"

"छे! केळीच्या बागेत. रानडुकरांनी उच्छाद मांडलाय."

घेतली ऑर्डर! मनावर घेतलं की माघार नाही. फक्त दोन्ही बाजूंनी भरायचाय म्हणे. डुकरं दोन्हीकडून येतात.