देवतळ्याचं कॅबिनेट

प्रमोद देवतळेनं एस. पी. रोडवरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बाजारातल्या, जवळजवळ प्रत्येक दुकानाला काही ना काही परत केलेलं आहे. तो लांबून येताना दिसला की तिथले दुकानदार जेवायला निघतात. मग सकाळचे अकरा का वाजले असेनात.

हा आमच्या माडीवरचा भाडेकरू. नागपूरचा, चाळिशीकडे झुकलेला, एकटा. इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीत कॉम्प्युटरवर चित्रं हलवायचं काम करतो. टीव्हीवर जाहिरातीत साबणाचं नाव गरागरा फिरत येतं ना, तसलं.

बंगळूर हे सगळं गाव एका वाक्यावर चालतं. स्वल्प अडजस्ट माडि. दोघांच्या सीटवर तिसरा टेकतो तो हेच म्हणतो. दूधवाला उशिरा येतो, हॉटेलवाला सांबारात नुसतं पाणी देतो, सगळे हेच म्हणतात. थोडं सांभाळून घ्या. आमचे पणजोबा इथं आले तेसुद्धा हेच म्हणत आले असतील, म्हणून आम्ही टिकलो. देवतळेला मात्र हे वाक्य सोसत नाही. कुणी म्हटलं की तो हात जोडतो आणि म्हणतो, "आपल्याच्यानं अडजस्ट नाही होत."

एकदा आम्ही दोघं ऑटोनं येत होतो. ड्रायव्हरनं एक वळण चुकवलं आणि पुढच्या गल्लीतून काढतो म्हणाला. पोचलो असतो तसेही. पण देवतळेनं रिक्षा मागे घ्यायला लावली, चुकलेल्या वळणाशी नेली आणि तिथून पुन्हा नीट वळवली. ड्रायव्हर माझ्याकडे वळून म्हणाला, "अण्णा, हे तुमच्या घरचे का?" मी म्हणालो, "भाडेकरू." तो म्हणाला, "मग खाली करून घ्या."

मी केलं असतं. माझ्या बायकोनं करू दिलं नाही.

तिला सगळे शांताक्का म्हणत. देवतळे राहायला आला त्या आठवड्यात तिनं त्याला उप्पिट दिलं. एक घास खाऊन तो म्हणाला, "अक्का, मीठ जास्त होऊन राहिलं." मी ताट उचलणार होतो. ती आत गेली आणि दुसरं करून घेऊन आली. रात्री मला म्हणाली, "खोटं बोलत नाही तो. तुम्ही मेलं चाळीस वर्षं नुसते 'बरं आहे' म्हणताय." त्यानंतर घरात नवीन काही केलं की पहिली वाटी माडीवर जायची.

ती गेली. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. मी चौथी शिकलेला सुतार, मला ते जमणार नाही. एवढंच सांगतो, ती गेल्यावर मी दुकान बंद केलं, हत्यारं पोत्यात भरली आणि पोतं जिन्याखाली ढकललं. ती विकायचं मुनियप्पा नावाच्या जुन्या बाजारवाल्याशी बोलणंही झालं. येतो म्हणाला, मी ये म्हणालो.

त्याच सुमाराला देवतळेनं घरी कॉम्प्युटर बांधायला घेतला. विकत का घेत नाहीस, म्हटलं, तर म्हणे तयार मशीन म्हणजे तयार शर्ट, कुणाच्याच मापाचा नसतो. त्याला स्वतःचा एक सिनेमा करायचा होता. त्यात एक म्हैस सायकल चालवते. कंपनीच्या मशीनवर म्हैस चालत नाही, तिथं फक्त साबण. म्हशीच्या शेपटीवर त्यानं काही महिने घातले होते आणि शेपटी अजून पटत नव्हती.

ही चित्रं शिजवावी लागतात. तो त्याला रेंडरिंग म्हणतो, मी शिजणं म्हणतो. म्हैस कुठं आहे, ऊन कुठून येतंय हे मशीनला सांगून ठेवायचं, मग मशीन एकेक चित्र रंगवत बसतं. एका चित्राला अवरेकाळू, म्हणजे पावटा, शिजायला लागतो तेवढा वेळ. आणि अशी हजारो चित्रं. शिवाय त्याला त्याच मशीनवर मोटारींच्या शर्यतीचा खेळ हवा होता.

मी एकदा त्याच्याबरोबर बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, "सार, गेमिंगा, आनिमेशना? यावुदादरू ओंदु हेळि." कुठलंतरी एक सांगा.

"एरडू," देवतळे म्हणाला. दोन्ही.

"दोन्ही केलं तर दोन्हीत कमी पडतं सार. स्वल्प अडजस्ट—"

देवतळेनं हात जोडले.

मग त्याची परीक्षा सुरू झाली. पॉवर सप्लाय म्हणजे वीज देणारा डबा, तो त्यानं पपईसारखा तळहातावर तोलला. "हलका आहे. आत काहीच नाही." पंखा सुरू करायला लावून कानाशी धरला, डोळे मिटले. "हा खोकतो." रॅमची पट्टी उन्हात नेऊन तिचे सोनेरी दात तपासले. "हिचं आधी एक लग्न झालंय." दुकानदार माझ्याकडे बघत होता. मी वर छताकडे बघत होतो. पण खरं सांगतो, मला आवडलं. मीसुद्धा वखारीत लाकूड असंच वाजवून घ्यायचो आणि मालक असेच तोंड वाकडं करायचे.

असा एकेक भाग घरी आला, काही परत गेले, दुसरे आले. मदरबोर्ड, प्रोसेसर, खेळाचं वेगळं कार्ड. माडीवर जुन्या चादरीवर सगळं मांडून ठेवलेलं. आमची बाळंतिणीची खोलीही इतकी जपलेली नव्हती.

एका संध्याकाळी मी जिन्यात बसलो होतो. मुनियप्पा सोमवारी पोतं न्यायला येणार होता. देवतळे खांद्यावर भला मोठा खोका घेऊन आला. घामाघूम, पण चेहरा खुललेला. तसा चेहरा मी त्याचा कधी बघितला नव्हता.

"अण्णा," तो म्हणाला, "कॅबिनेट—"

मी त्याला पुढं बोलू दिलं नाही. ती माझी सवय. शिवाय कॅबिनेट हा माझा शब्द आहे. माझ्या दुकानाच्या पाटीवर तीस वर्षं तोच होता, फर्निचर आणि कॅबिनेट. पाटी रंगवणाऱ्यानं इंग्रजीत लिहिला, तेवढी अक्षरं मला ओळखू येतात. एवढ्या जपून आणलेल्या वस्तूंना कपाट हवं, हे मला कळत नाही काय?

"तयार बाजारचं घेऊ नकोस," मी म्हणालो. "प्लायवुडला खिळे मारून देतात चोर. मी करतो. सागवानाचं. माप दे."

तो खोका खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. माझ्याकडे बघितलं. मग जिन्याखालच्या पोत्याकडे बघितलं.

"खोक्यात काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. परत करायचं आहे."

त्यात मला काही नवल वाटलं नाही.

"करा अण्णा," तो म्हणाला. "माप देतो."

पोतं ओढून काढलं. रंध्याला गंज चढला होता, पातं घासण्यात एक दिवस गेला. हात आधी ऐकेनात. मग ऐकायला लागले. मी मनाशी ठरवलं होतं, हे त्यानं परत केलं तर सोमवारी पोतं मुनियप्पाला. पुन्हा हत्यार धरायचं नाही. हा माणूस खोटं बोलत नाही, शांतानंच सांगितलं होतं.

कपाट गुडघ्याच्या वर येईल एवढं. सांधे सगळे खाचेचे, खिळा एक नाही. समोर दोन दारं, शांताच्या दुधाच्या कपाटाची पितळी मूठ, आणि खाली एक ड्रॉवर. कॉम्प्युटरला ड्रॉवर लागतो का, मला माहीत नाही. कपाटाला लागतो.

रविवारी ते माडीवर नेलं. देवतळेनं त्याच्याभोवती चक्कर मारली. बोटानं वाजवलं. दारं उघडली, मिटली. पाठीवरून हात फिरवला, जिथं मी अखंड फळी बसवली होती. तिथं त्याचा हात थोडा थांबला. मी त्याच्या हातांकडेच बघत होतो, जोडतो की काय म्हणून.

"अण्णा," तो म्हणाला, "ड्रॉवर डावीकडं अडकून राहिला."

"कुठं अडकतो?"

"हे बघा."

अडकत होता. मी तिथंच बसून रंधा मारला. त्यानं पुन्हा ओढून बघितला.

"आता ठीक आहे," तो म्हणाला.

सोमवारी मुनियप्पा आला. मी त्याला कॉफी पाजून परत पाठवला.

तेव्हापासून मशीन सागवानात आहे. देवतळेनं मागच्या फळीतून तारा काढायला एक भोक तेवढं मागितलं. कंपनीतला एक जण बघायला आला तर म्हणाला, "अरे, ये मंदिर है क्या?" देवतळे म्हणाला, "सागवान है. तेरे पास है?" मी जिन्यात होतो. माझी छाती फुगली, ती कुणी बघितली नाही ते बरं. रविवारी तो मला मोटारीच्या शर्यतीला बसवतो. मी हळू चालवतो, वळणावर थांबतो. मागचे सगळे पुढं जातात. देवतळे म्हणतो, "अण्णा, ही शर्यत आहे." मी म्हणतो, "माझी गाडी आहे."

डिसेंबरात तो आईला बघायला नागपूरला गेला. किल्ली माझ्याकडे. माडीवर उंदीर खुडबुडत होता म्हणून मी वर गेलो, वाकून खाटेखाली बघितलं. तोच मोठा खोका तिथं होता. परत करायचा होता तो.

खोक्यावर चित्र होतं. पत्र्याची उभी पेटी, आणि तिच्या पोटात मदरबोर्ड, पंखा, पॉवर सप्लाय, सगळे आपापल्या जागी बसलेले. चित्राच्या वर इंग्रजीत एक शब्द. तो मला वाचता आला. माझ्याच पाटीवरचा होता.

मी आत बघितलं. पेटीला पुढून, मागून, बाजूनं जाळी. हवा खेळायला. पत्रा बोटानं वाजवला. चांगला होता, जाड. शंभर दुकानं फिरूनच मिळाला असणार.

उंदीर राहिला. मी खोका होता तिथं सरकवला.

देवतळे परत आला त्या दिवशी मी ड्रिल घेऊन वर गेलो. मशीन म्हैस शिजवत होतं. कपाटाची दोन्ही दारं सताड उघडी, आणि समोर टेबलपंखा लावलेला, पूर्ण वेगात. थंडीचे दिवस. तो स्वतः कानटोपी घालून बसला होता.

"पंखा कशाला?" मी विचारलं.

"मला गरम होऊन राहिलं."

"सरक. पाठीला भोकं पाडतो."

तो उठला आणि कपाटाच्या मागं जाऊन उभा राहिला, फळी पायांनी झाकून.

"कशाला चांगलं लाकूड खराब करता? असू द्या ना अण्णा," तो म्हणाला. मग जमिनीकडे बघत, "स्वल्प अडजस्ट माडि."

त्याचं कानडी वाईट आहे. 'माडि' त्याच्या तोंडी आमच्या माडीसारखं येतं. मी सुधारलं नाही. ड्रिल खाली ठेवलं, पंखा थोडा जवळ सरकवला, आणि त्याच्या शेजारी म्हशीची शेपटी बघत बसलो. हलत होती. चांगली हलत होती.