लिंबाएवढी गार

ज्या इशाऱ्यावर सही-शिक्का नसतो तो इशारा नसून कुरकुर असते, हे सुशिक्षित समाजात सर्वमान्य आहे. म्हणूनच चैत्रातल्या एका दुपारी, देवणीजवळच्या एका गावात, गुरम्मानं मावळतीकडं बघत सुनेला सांगितलं, "सुकन्या, ढग बघ कसा ऐरणीवानी पसरलाय. गारा येतेत. तुझ्या मामाला शेताकडं जाऊ देऊ नको," तेव्हा बी.एस्सी. झालेल्या सुकन्यानं आकाशाकडं न बघता मोबाईलमध्ये बघितलं. तिथं आकाश निरभ्र होतं.

"काय न्हाई होत, आत्या," ती म्हणाली. सासरे शरणप्पा गाय घेऊन शेताकडं गेले. (मोबाईल घरी चार्जिंगला लावून.)

ढगाचं कामकाज कसं चालतं हे नागरिकांना ठाऊक असावं. तापलेली हवा वाफ घेऊन वर जाते. वर गारठा असतो. तरीही वाफेला थेंब व्हायचं तर धुळीचा एखादा कण धरावा लागतो. ओळखीशिवाय वरही काम होत नाही. थेंब झाला की तो खाली यायला निघतो. वारा त्याला परत वर पाठवतो. प्रत्येक फेरीला त्याच्यावर बर्फाचा एक थर चढतो, आणि हेलपाटे घालून घालून तो दगड झाला की वाऱ्यालाही पेलवत नाही. मग तो निकाली काढण्यात येतो. खाली कोण उभं आहे याची चौकशी करण्याची तरतूद नाही. यालाच गार म्हणतात. (निराधाराच्या पगारासाठी तहसीलला खेटे घातलेल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल, त्यांचा अभ्यास झालेला आहे.)

चारच्या सुमाराला ढग निकाली निघाला. त्याबरोबर गावाची आपत्ती-व्यवस्था, कुणी न सांगता, अशी कामाला लागली की ऊर भरून यावा. प्रत्येक उंबऱ्यात एक पुरुष आणि एक मोबाईल. किराणावाल्या रामलिंगअप्पांनी ओट्यावर वजनकाटा मांडला. गार मोजण्याचं मान्यताप्राप्त माप म्हणजे फळ: बोर, लिंबू, पेरू. (तालुक्यातल्या बागा गारपिटीत गेल्या, मापं तेवढी शाबूत आहेत.) लिंबाचा ठराव बहुमतानं झाला. बोर म्हणणाऱ्या दोघांना गावाची इज्जत कळत नाही असं ठरलं.

सुकन्याचा नवरा दयानंद यानं तीन वर्षांच्या शिवांशच्या तळहातावर गार ठेवली होती. पोरगं गारठून रडत होतं. व्हिडिओत ते हसल्यासारखं दिसतं.

"अहो, मामा आले न्हाईत अजून."

"थांबले असतेल चिंचंखाली. शिवांश, हात हलवू नको रे."

तिनं गावाच्या ग्रुपवर विचारलं, शरणप्पा मामा कुणाला दिसले का. पाच मिनिटांत एकोणचाळीस अंगठे आले. एकानं मात्र आपुलकीनं विचारपूस केली: तुमच्याकडं केवढी पडली?

तेवढ्यात शेजारच्या शिवारातून एक व्हिडिओ आला. पत्र्यावर गारा नाचत होत्या, वर गाणं लावलेलं होतं. तो हदगाव-धर्माबादपर्यंत गेला, हजारोंनी बघितला. सुकन्यानं पत्र्याच्या मागं बघितलं. तिथं चिंच होती, चिंचेखाली गाय होती, आणि गाईच्या पायाशी पांढरं धोतर पडलेलं होतं. ते हलत नव्हतं.

तिनं शिवांशला गुरम्माच्या कडेवर दिलं, डोक्यावर घमेलं धरलं आणि पळाली. गुरम्मानं नातवाच्या डोक्यावर पदर धरला. 'म्या सांगितलं होतं' म्हणायला तिच्याकडं शिक्का कुठं होता?

शरणप्पा जिवंत होते. डोकं फुटलं होतं. उदगीरला टाके पडले. भेटायला आलेले पाहुणे खाटेवर टेकत आणि तोच व्हिडिओ त्यांच्यासमोर धरत. म्हातारा डोळे किलकिले करून म्हणे, "हाव, बघितलाय म्या. खालून."

तो व्हिडिओ तुमच्याकडंही आला असेल. आवाज वाढवून बघितला असेल, पुढं पाठवलाही असेल; त्याला हरकत नाही. फक्त तुमच्या घरातलं जे म्हातारं माणूस दुपारी बाहेर पडलं होतं, ते परत आलंय का, तेवढं उठून बघून या. कथा इथं संपली आहे. बसून राहण्यासारखं काही उरलेलं नाही.