नथूने सांगितलेली ओहोटी

नथूच्या नातीचं, मनालीचं, लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. तिच्या सासरकडचे ओटीवर बसले, त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावले, आणि ते रुमाल पंगत उठेपर्यंत खाली आले नाहीत. वास नदीचा होता. बोळिंजच्या इमारतींमागून वटार गावाच्या कडेने खाडीला जाणाऱ्या त्या पाण्याला कागदोपत्री नाला म्हणतात. नथूसारखी जुनी माणसं अजून नदी म्हणतात, पण ती पाहुण्यांसमोर म्हणत नाहीत.

नथूची बायको जिजा लग्न होऊन आली, तेव्हा नदी मागच्या दाराच्या तीन दगडी पायऱ्यांना लागत होती. भरतीचं खारं पाणी तिथवर चढायचं. जिजाचं वऱ्हाड होडीतून थेट पायरीवर उतरलं होतं. पुढे भाताच्या खाचरांत खारं पाणी शिरू नये म्हणून गावाने खाली, नदीच्या तोंडाशी, उघाडी बांधली. दगडी भिंत आणि मध्ये लाकडी झडप. ओहोटीला झडप वर उचलायची म्हणजे आतलं पाणी निघून जातं. भरती लागायच्या आत खाली सोडायची म्हणजे खाडी बाहेरच राहते. त्या भिंतीचे दगड वाहण्यात नथू सगळ्यांच्या पुढे होता. खाचरं वाचली. मग ती विकली गेली, तिथे इमारती उठल्या, आणि उघाडीकडे बघायला कुणी उरलं नाही. झडप गाळात रुतली ती पंधरा वर्षं. पाणी ना आत, ना बाहेर.

आता जिजाचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी धनेशला, म्हणजे मुलाला, बाजूला घेऊन काय सांगितलं ते तिने न ऐकताच ओळखलं होतं. तिचं मागणं एकच होतं.

"यकदा भरतीचं पानी पायरीला लागलेलं बघायचंय. मग काय व्हायचं ते होऊ दे."

"भरती काय शेजारनीकडून वाटीभर मागून आनायची गो?" नथू म्हणायचा आणि मागची खिडकी घट्ट आहे ना ते बघून यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात बोळिंजच्या कॉम्प्लेक्समधली काही तरुण मंडळी नदी वाचवायला निघाली. तीन रविवार त्यांनी काठावरचा कचरा उपसला. चाळीस पोती भरून काठावरच रचून ठेवली, कारण न्यायला गाडी येणार होती आणि ती येतच होती. मग त्यांनी झडपेभोवतीचा गाळ काढला, ती उचलायच्या साखळीला तेल घातलं आणि त्यांचा पुढारी पियुष नथूकडे आला. बरोबर रुचिता होती. तिच्या हातात वही, फोन आणि पाण्याची बाटली एकाच वेळी असायची.

"आजोबा, झडप आता हलतेय," पियुष म्हणाला. "रविवारी, अकरा तारखेला, मोठा कार्यक्रम ठेवलाय. एक साहेब येणारेत. ओहोटीला झडप उघडायची, सगळं काळं पाणी खाडीत. टायमिंग तेवढं तुम्ही सांगा."

"ॲपवर आहे तसं टायमिंग," रुचिता म्हणाली. "अकराच्या सुमारास हाय टाइड दाखवतंय."

"कोन दाखवतो?" नथूने विचारलं.

"ॲप."

"तो कधी खाडीत उतरलाय?"

रुचिताने फोन वहीखाली सरकवला. पियुषला मात्र हे आवडलं. त्याने फलकावर आधीच 'पारंपरिक ज्ञानातून नदीचे पुनरुज्जीवन' असं छापून घेतलं होतं.

नथूचे गुडघे जाऊन बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून तो खाडीवर गेला नव्हता, आणि चंद्र बघायचा तर समोरच्या सात मजल्यांच्या वर तो येईपर्यंत नथूला झोप लागायची. पण हिशेब विसरला नव्हता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे बापाने त्याला चालायच्या आधी शिकवलं होतं. ओटीवरच्या कॅलेंडरची पानं त्याने उलटली, मे काढला, अकरा तारखेवर बोट ठेवलं.

"चतुर्थी. चाराची पाऊनपट तीन. दुपारी तीनला पुरी भरती, म्हंजे सकाळी नऊला पुरी ओहोटी. नऊला झडप उचला, बाराच्या आत खाली टाका. काय गो जिजा, बरोबर ना?"

जिजा दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने सूप एकदा हलवलं.

"तुमी कदी चुकलाय का?" ती म्हणाली.

रुचिताने वहीत 'नऊ' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

रविवारी नऊला नथू फोन कानाला लावून ओटीवर बसला. पलीकडून पियुष उघाडीवरून बोलत होता.

"आजोबा, खाडीत पाणी जरा जास्त वाटतंय."

"ओहोटी लागली की उतरंल. साहेब आलं?"

"आलेत. भाषण करतायत."

"मग तंवर उतरंल. उचला."

झडप उचलली. टाळ्या वाजल्याचं नथूने फोनवर ऐकलं. टाळ्या मध्येच थांबल्याचंही ऐकलं.

"आजोबा, पाणी आत येतंय!"

"बाहेर जातंय म्हन."

"आत येतंय, आजोबा! जोरात!"

"तू उलटा हुबा असशील. खाडी कुठल्या हाताला हाय तुझ्या?"

"डाव्या! पाणी डावीकडनं उजवीकडे चाललंय!"

"झडप टाक खाली!"

"टाकतोय, पण धार एवढी आहे की ती बसतच नाहीये! सहा जण लोंबकळतोय आम्ही!"

त्यानंतर फोनवर फक्त ओरडा ऐकू येऊ लागला. खुर्च्या वाहून चालल्या होत्या. साहेब टेबलावर चढले होते आणि माइक हातात असल्यामुळे सवयीने "बांधवांनो, शांतता राखा" म्हणत होते. काठावरची चाळीस पोती एकामागून एक पाण्यात उतरली आणि भरतीवर बसून उलट दिशेने, बोळिंजकडे निघाली. तीन रविवार खपून गोळा केलेला कचरा ज्या कॉम्प्लेक्समधून आला होता, तिथे अर्ध्या तासात न चुकता पोचला. पार्किंगमध्ये घोट्यापर्यंत पाणी झालं. वॉचमनची खुर्ची तरंगत लिफ्टपर्यंत गेली. सोसायटीचे सेक्रेटरी शत्रुघ्न पाटील यांनी पियुषला फोन करून एवढंच विचारलं, "माझ्या गाडीखाली जलपर्णी उगवलीय, ती तुमचीच ना?"

धनेश बाजारातून धावत आला.

"बाबा, काय वेळ सांगितली तुम्ही?"

"चतुर्थी हाय आज. नऊची ओहोटी. हे बघ." नथूने कॅलेंडरवर बोट आपटलं.

धनेश जवळ गेला. वर बघितलं. खाली बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "बाबा, हे मनालीच्या लग्नाच्या सालचं आहे. आईने काढू दिलं नाही ना. आज चतुर्दशी आहे. उद्या पुनव."

नथूने बोटांवर मोजून चौदाची पाऊणपट केली. साडेदहा. घड्याळात सव्वादहा झाले होते.

"उधानाची भरती," तो म्हणाला आणि खालीच बसला. साठ वर्षांत त्याची भरती पंधरा मिनिटांनीही चुकली नव्हती. "ती पोरगी बरोबर सांगत होती रे. तिला म्हनावं, तुझा तो ॲप... आई कुठंय?"

आई घरात नव्हती. मागचं दार उघडं होतं.

नथू भिंतीला धरून धरून मागे गेला. जिजा तिसऱ्या पायरीवर बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, पाय पाण्यात. पाणी आधी काळं आलं होतं, आता मातकट हिरवं झालं होतं, आणि त्याला खाडीचा वास होता. पाण्यातून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि 'पारंपरिक ज्ञानातून' एवढं वाचता येणारा फलक शांतपणे चालले होते. जिजा त्यांच्याकडे बघत नव्हती. पायाशी बोटाएवढे मासे आले होते.

"बोइटं हायत," ती म्हणाली. "हळू बसा. पळतील."

नथू कसाबसा वरच्या पायरीवर टेकला. समोर पाणी दगडाला लागून चुबुक चुबुक वाजत होतं. हा आवाज आपण विसरलो होतो, हे त्याला तो ऐकल्यावर कळलं.

"सगळं वाटोळं झालं गो," तो शेवटी म्हणाला. "मी मागल्या सालची तिथी सांगितली."

"ठावं हाय."

"धनेशने सांगितलं?"

"नवं कॅलेंडर सैपाकघरात टांगलंय. पुनवेचा उपास मी काय वासावर धरते?"

नथूने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"म्हंजे मी बोटं मोजत होतो तवा तुला ठावं होतं?"

"हो."

"मग बोलली का न्हाई?"

जिजाने पाण्यात पाय हलवला.

"उघाडी बांधली तवा तुमी इचारलंवतं मला?"

नथूने धोतर वर खोचलं, एक पायरी खाली सरकला आणि आपले सुजलेले पाय तिच्या पायांशेजारी सोडले. पाणी गार होतं.

अकराच्या पुढे भरती उलटली. झडप उघडीच राहिली होती, म्हणून पंधरा वर्षं न हललेलं काळं पाणी संध्याकाळपर्यंत निघून गेलं. पोत्यांतला बराच कचरा कॉम्प्लेक्सच्या कुंपणाला अडकला होता, आणि पुढच्या रविवारी तो काढायला, आयुष्यात पहिल्यांदा, शत्रुघ्न पाटील स्वतः उतरले. पियुषने नथूला सांगितलं की साहेबांनी भाषण पुरं करायला पुन्हा यायचं कबूल केलंय, पण टेबल आधीच मांडून ठेवा म्हणालेत. पावसाळा लागेपर्यंत दर पुनवेला आणि अवसेला झडप तासभर भरतीवर उघडू लागले. वेळ रुचिता फोनवरून सांगायची. नथू मुकाट ऐकायचा आणि जिजाला हाताला धरून मागे घेऊन जायचा.

जिजा वारली २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, शुक्रवारी सकाळी, राहत्या घरी. तेव्हा ती शहात्तर वर्षांची होती.