आधी बाजू, मग डोळा

रणपिसे मास्तरांचे किस्से मी आजवर पुष्कळ ठिकाणी सांगितले. लग्नाच्या पंगतीत, जुन्या डॉक्टरांच्या मेळाव्यात, एकदा तर दाताच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत. त्यातला एक किस्सा मात्र प्रत्येक वेळी गाळला. लोक हसून डोळे पुसायला लागले की मी तिथेच थांबायचो आणि पाणी मागायचो. असं एकोणीस वर्षं चाललं. आता माझं वय पंच्याहत्तरच्या पुढे गेलंय, तेव्हा आज न थांबता सगळं सांगतो.

मी ज्या धर्मादाय नेत्र रुग्णालयात शस्त्रक्रिया करायचो, तिथे मास्तर नेत्र-सहायकांना शिकवायचे. डॉक्टरांच्या आधी पेशंटला बसवणारी, तक्ता वाचून घेणारी, थेंब घालणारी, पट्टी बांधणारी जी मुलं-मुली असतात, ती मास्तरांच्या हाताखालून जायची. मास्तर म्हणजे बुटकी मूर्ती, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांच्यासमोर ‘डोळा’ हा शब्द नुसता उच्चारायची सोय नव्हती.

“मास्तर, डोळा दुखतोय हो.”

“आधी बाजू, मग डोळा. रस्त्यात सापडलाय का तो?”

चपलेचा अंगठा तुटला म्हटलं, तरी “कोणत्या बाजूचा?” एकदा वर्धापनदिनाच्या भाषणात आमचे अध्यक्ष भरात येऊन म्हणाले, “या संस्थेने समाजाचा डोळा उघडला!” मागच्या रांगेतून शांत आवाज आला, “उजवा की डावा?” अध्यक्षांनी घाम पुसला आणि भाषण दोन पानं आधीच संपवलं. श्रोत्यांनी मास्तरांचे आभार मानले.

पट्टी बांधायचा सराव ते नारळावर घ्यायचे. “ह्या पेशंटला तीन डोळे आहेत, पण तक्रार एकाचीही नाही,” असं म्हणून नारळ टेबलावर ठेवायचे. आठवडा संपला की पेशंट डिस्चार्ज होऊन मास्तरांच्या घरी चटणीला जायचा.

शब्द शिकवायची त्यांची रीत मी पुढे कुठेच पाहिली नाही.

“कॉर्निया म्हणजे?”

“पारपटल, सर.”

“हे परीक्षेला. आता खेड्यातून आलेल्या आजीला सांग.”

मग मास्तर मनगटावरचं घड्याळ काढायचे. “घड्याळाला वरून काच असते ना आजी, तशी डोळ्याला असते. तिच्यावर चरे पडले, तर काटे धड असूनही वेळ दिसत नाही.” एकाने ‘आळशी डोळा’ हा शब्द वापरला, तेव्हा त्याला उभंच केलं. “डोळा आळशी नसतो. लहानपणी मेंदूनं त्याला काम दिलं नाही. दोष कुणाचा आणि नाव कुणाला!”

त्यांचा लाडका धडा मात्र समोरासमोर बसायचा. दोन-दोन मुलांना गुडघ्याला गुडघा लावून बसवायचे आणि पुन्हा पुन्हा विचारायचे. “समोरच्याचा उजवा तुमच्या डाव्या हाताला. समोर आरसा नाही, माणूस आहे!” पेशंटची चिठ्ठी हातात आली की बाजू वाचायची आणि त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारायची, हा त्यांचा कायदा. रेघ नसलेली चिठ्ठी दिसली, तर त्या मुलाचा दिवस वाईट जायचा.

मी जाता जाता वर्गात डोकावायचो. “काय मास्तर, बालवाडी सुटली का?”

“नाही डॉक्टर. एक जागा रिकामी आहे. बसताय?”

मुलं हसायची, मीही हसायचो. बसायला हवं होतं.

सोमवार होता. बाहेर शंभरावर पेशंट, त्यात माझे दोन सहकारी रजेवर. धायरीचे दत्तोबा शिंपी समोर बसले होते. एकटा माणूस, शिलाई मशीनवर पोट. त्यांच्या उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. यंत्रातून पाहताना तो डोळा माझ्या डाव्या हाताला होता. मी नजर न उचलता शस्त्रक्रियेच्या चिठ्ठीवर ‘डावा’ लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. तीस वर्षं डोळे कापणाऱ्या माणसानं पहिल्या आठवड्यातल्या पोरांची चूक केली.

चिठ्ठी सुनीता नावाच्या शिकाऊ मुलीच्या हातात गेली. तिने ‘डावा’ या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली, चिठ्ठीप्रमाणे डाव्या भुवईवर खूण केली, डाव्या डोळ्यात थेंब घातले. दत्तोबा टेबलावर आले. बधिर करायचं इंजेक्शन मी डोळ्यामागे दिलं, तेव्हा ते हळूच म्हणाले, “डॉक्टरसायेब, ह्या डोळ्यानं तर मी सुई ओवतो.”

“मग आधी का नाही बोललात?”

“मला वाटलं, चांगल्यालाबी काहीतरी करायचं आसंल. तुमास्नी कसं इचारायचं?”

शस्त्रक्रिया थांबवली. पण इंजेक्शनच्या जागी रक्तस्राव झाला होता. पापणी सुजून निळी झाली. डोळा वाचेल हे दिसत होतं, पण त्याला आठवडे लागणार होते. तोवर दत्तोबांना दोन्ही डोळ्यांनी धूसरच दिसणार होतं.

दुपारी मी फाइल मागवली. माझ्या खोलीचं दार लावलं, ती चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली. ‘उजवा’. अक्षर पहिल्यापेक्षा सुरेख आलं.

दोन दिवसांनी चौकशी बसली. सुनीता रडत एकच वाक्य म्हणत होती, “चिठ्ठीवर डावाच होता.” अध्यक्षांनी चिठ्ठी तिच्यासमोर धरली. ती बघतच राहिली. तिला काढायचं, हे तिथल्या तिथे ठरल्यासारखं होतं.

मास्तर म्हणाले, “मला बघू.”

त्यांनी चिठ्ठी उजेडाकडे धरली. त्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ नव्हती. मास्तरांनी एकदा सुनीताकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. रागानं पाहिलं असतं तर मला बरं झालं असतं. पेशंटला तक्ता वाचायला लावून उत्तराची वाट बघतात, तसे ते बघत होते. मी टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिलो.

“पोरीची चूक नाही,” मास्तर म्हणाले. “समोरच्याची बाजू कशी ओळखायची, हे मीच वर्गात नीट शिकवलेलं नाही.”

खोलीत कुणालाही ते खरं वाटलं नाही. पण सगळ्यांच्या सोयीचं होतं. सुनीता राहिली, मास्तरांचा वर्ग गेला. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला आणि शनिवार पेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभे राहिले.

तीनेक महिन्यांनी दत्तोबा मला व्हरांड्यात भेटले. डावा डोळा पूर्ववत झाला होता, उजव्याची शस्त्रक्रिया दुसऱ्या डॉक्टरांनी केली होती. मी बाजूने निसटायला बघत होतो, तर त्यांनी हातच जोडले.

“लई उपकार झाले सायेब. तुमी माणूस धाडला म्हणून निभावलो.”

“कोण माणूस?”

“त्ये बुटकं मास्तर की! दोन महिनं रोज सकाळच्याला यायचं. दोन बसगाड्या बदलून. थेंब घालायचं, च्या करायचं आन् जाताना दहा-बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवायचं. काळा दोरा, पांढरा, खाकी. म्हणायचं, डॉक्टरांनी पाठवलंय.”

मी म्हणालो, “बरं, बरं. जपा डोळ्याला.” ते आभारही मी ठेवून घेतले.

त्यानंतर मी वर्षातून तीन-चारदा शनिवार पेठेत जायचो. काउंटरवर चष्मा काढून ठेवायचो. “मास्तर, जरा सैल वाटतोय.”

ते चष्मा हलवून बघायचे. “घट्ट आहे, डॉक्टर.”

“एकदा बघा तरी.”

“आणखी आवळला तर डोकं बारीक करावं लागेल.” पण पेचकस काढायचे, स्क्रू उगाच पाव फेरा फिरवायचे, काच पुसायचे. फार सावकाश पुसायचे. गिऱ्हाईक खोळंबलेलं असलं, तरी. मी घराचं, तब्येतीचं, मेट्रोच्या कामाचं बोलायचो. मग ते चष्मा माझ्या कानांवर नीट बसवायचे आणि म्हणायचे, “या पुन्हा.” सोळा वर्षं मी तेवढ्याचसाठी गेलो आणि तेवढंच करून आलो.

तीन वर्षांपूर्वी गेलो, तर काउंटरवर दुसराच माणूस होता. मास्तर दिवाळीनंतर गेले, म्हणाला. झोपेतच गेले.

सुनीता आता खराडीच्या एका डोळ्यांच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया विभाग सांभाळते. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो. खुर्चीत बसायच्या आधी सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं, पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

“मला माहीत होतं, सर.”

“मास्तरांनी सांगितलं?”

“नाही. मीच एकदा त्यांच्या दुकानात जाऊन भांडले. म्हटलं, तुम्ही का गप्प बसलात? तर म्हणाले, डॉक्टर येतात ना दुकानात. एक दिवस बोलतील. आपण घाई करायची नाही.”

“आणि मग?”

“मग काय, सर. शेवटच्या वर्षात त्यांना उभं राहवत नव्हतं. मालक घरी बसा म्हणत होते. पण ते यायचेच.”

मी तिथून उठलो, जिना उतरलो.

वाक्य काही मोठं नव्हतं. चष्म्याची काच पुसून होईपर्यंत चारदा बोलून झालं असतं. मास्तर, ती चिठ्ठी मी फाडली. चूक माझी होती. तुमची नव्हती, सुनीताची नव्हती. मला माफ करा.