कल्लप्पामामांच्या टाचण्या

कल्लप्पामामा बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं बघत नाहीत, गुडघ्यांकडं बघतात. सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत ते राहायला आले, तेव्हा त्यांच्याशी दोन शब्द बोलून मी तीनदा साडीच्या निऱ्या झटकल्या. काहीतरी लागलंय असंच वाटलं मला. नंतर कळलं, मामांची सगळी नोकरी एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत शिपाई म्हणून झाली, आणि त्यांना जे बघायचं असतं ते गुडघ्याच्या वर कधी उडतच नाही.

ते म्हणजे टाचणी. कागदाला लावायची नव्हे. पाण्यावर भिरभिरणाऱ्या चतुराची नाजूक बहीण. चतुर बसला की पंख आडवे पसरतो, टाचणी पाठीवर मिटून घेते. त्यातही मामांचा जीव सगळ्यात बारक्या जातीवर. बोटाच्या पेराएवढी, जन्मभर पाण्याकडेच्या गवतात राहणारी.

"मादी पोरवयात लालभडक असतीया, मग हिरवी होती. आन् नर म्हातारा झाला की अंगावर पांढरं धरतंय, माज्यावाणी," मामा सांगत. मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळं अर्धी वाक्यं कानडीत सुरू होत. "इल्ला, इल्ला! तितं न्हाई, हितं बघा की!" आपल्याला फक्त गवत दिसे.

हे गवत सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत होतं. ज्या गावात नळाला पाणी यायचा वार पाठ करावा लागतो, तिथं आमच्याकडं चक्क दलदल होती. कारण आमच्याच बोअरची लाईन वर्षानुवर्षं गळत होती. मामांनी एकट्यासाठी ही जागा घेतली ती त्या गळतीकडं बघून. घर आतून पाहिलंही नव्हतं म्हणे.

दर रविवारी ते पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडं येत. त्यांचा हात थरथरतो, म्हणून लिहायचं मी. पत्र जायचं नागपूरला, त्यांच्या म्याडमना. म्याडम म्हणजे त्याच कॉलेजातल्या प्राध्यापिका, आता लेकाकडं असतात. ऐकू फारसं येत नाही, म्हणून फोन नाही. तीस वर्षं दर पावसाळ्यात दोघं विद्यार्थ्यांना घेऊन तळी पालथी घालत. मामा शोधायचे, म्याडम वहीत लिहायच्या. पत्रात मजकूर एवढाच: नर इतके, मादी इतक्या, वारा होता किंवा नव्हता. आपला, कल्लप्पा.

गेल्या होळीनंतर बोअरचं पाणी कमी झालं आणि सोसायटीची मीटिंग बसली. सेक्रेटरी मी. मामांनी अर्ज दिला होता, 'मागील बाजूच्या टाचण्यांचे रक्षण व्हावे.' अध्यक्ष म्हणाले, "नोटीस बोर्डाच्या ना? नवी डबी आणू की मामा." दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, त्या चिखलानं डास होतात.

"आवं, डासच खातात त्या!" मामा उभे राहून वहिनींच्या गुडघ्यांना म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. ठराव झाला, आणि आठवड्यात लाईन दुरुस्त करून घेतली ती मीच. पाणी सगळ्यांनाच हवं होतं, मामांनाही. ते भांडले नाहीत. पंधरा दिवसांत गवत पिवळं पडलं, मग जमिनीला भेगा गेल्या.

त्या रविवारी मामा कार्ड घेऊन आले. "लिवा. नर बारा, मादी धा."

मी पेन थांबवलं. मामा फरशीकडं बघत होते. मी लिहिलं.

पुढच्या रविवारी म्हणाले, "आटरा लिवा. लई बी नको." मी तेही लिहिलं. एप्रिल असाच गेला, निम्मा मेही.

मग नागपूरहून म्याडमच्या लेकाचा फोन आला. सोलापुरात लग्न आहे, आई येणार आहे, आणि डोळ्याच्या ऑपरेशनआधी तिला मामांच्या टाचण्या बघायच्यात.

मामा दोन दिवस जेवले नाहीत. स्वतःच्या वाटणीच्या पाण्याच्या घागरी त्या भेगांत नेऊन ओतत राहिले. मी म्हटलं, "मामा, अशा कुठून येतील त्या?"

"मला ठावं न्हाई व्हय?" म्हणाले, आणि पुढची घागर उचलली.

म्याडम आल्या. बारीक चणीच्या, पांढरी सुती साडी, हातात काठी. मामा त्यांना मागं घेऊन गेले, मी खुर्ची घेऊन पाठोपाठ. त्या बसल्या, वाळलेल्या गवतावरून काठी फिरवली आणि वाट बघत राहिल्या.

"न्हाईत, म्याडम," मामा हळू म्हणाले.

"काय म्हणालास?"

"न्हाईत!"

"मोठ्यानं बोल रे, कल्लप्पा."

"एकबी न्हाई, म्याडम! होळीपास्नं न्हाई! म्या खोटं लिवलं!" मामा ओरडले. वरच्या चारही गॅलऱ्यांत माणसं आली. मामांचे डोळे भरले होते, आणि मी त्यांना पहिल्यांदाच कुणाच्या तरी तोंडाकडं बघताना पाहत होते.

म्याडमनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "भर उन्हाळ्यात अठरा? अरे, मी याच गावात शिकवलंय. एप्रिललाच कळलं मला."

"मग म्हनला का न्हाई?"

"म्हटलं असतं तर तू पत्र थांबवलं असतंस."

मी खुर्ची आणायच्या निमित्तानं घरात गेले. मामा उभेच होते, म्हणून दुसरी हवीच होती. बाहेर आले तर मामा भुईवर बसले होते, आणि दोघं मिळून रिकाम्या गवताकडं बघत होती. लग्नघरची गाडी येईपर्यंत तशीच बसली.

नंतर मी मीटिंगमध्ये जरा आवाज चढवला आणि टाकी भरून वाहते ते पाणी त्या गवतात सोडून घेतलं. गवत फुटलंय. टाचण्या अजून आलेल्या नाहीत.

म्याडम गेल्यावरच्या रविवारी मामा आले. "लिवा. नर न्हाई, मादी न्हाई."

लिहिलं. आता 'आपला, कल्लप्पा' म्हणून मी पेन टेकवलं, तर मामा म्हणाले, "थांबा की."

त्यांनी कार्डावरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इचारा, डोळ्याचं आपरेशन कवा हाय म्हनावं. जेवान जातं का. तिकडं त्येंच्याशी बोलायला कोन हाय का न्हाई." मग स्वतःचं सांगायला लागले. सकाळी चहा अजून दोन कपांचा होतो, कॉलेजातली सवयच जात नाही, हेही. मी लिहीत गेले. कार्डाच्या कडेला बारीक अक्षरात वळले, तरी ते सांगतच होते.

"मामा, जागा संपली."

"व्हय?" मामा उठले, चपला घातल्या. "मग पाकिटाचा कागुद आनतो. तुमी बसा हितंच."